तीन कुलपे

मराठीत ‘परवलीचा शब्द’ असा एक जुना शब्दप्रयोग आहे. सूर्यास्ताला किल्ल्याचे दरवाजे बंद झाले, की त्यानंतर येणाऱ्याला पहारेकरी ठरलेली खूण विचारीत असे. योग्य शब्द उच्चारता आला तर दिंडी उघडे. न आला तर येणाऱ्याला रात्र बाहेरच काढावी लागे. आज संगणकाच्या पडद्यावर जी रिकामी चौकट आपल्याला ‘पासवर्ड’ मागते, ती याच पहारेकऱ्याची वारसदार होय. फरक एवढाच, की किल्ल्यावरचा पहारेकरी माणूस होता. ओळखीचा आवाज ऐकून तो क्षणभर थबकत असेल, वरिष्ठांना विचारून येत असेल. संगणकाला ओळखीचा आवाज नसतो. त्यामुळे एक चमत्कारिक प्रसंग उद्भवतो: पेटी ज्याची, तोच पेटीबाहेर राहतो.

असा प्रसंग घरात आला तर काय करता येते, काय करू नये आणि कुठे मात्र काहीच करता येत नाही, हे या पाठात आपण पाहणार आहोत. त्यासाठी थोडे दूर, तमिळनाडूतील कुंभकोणमला जाऊ या.

कावेरीकाठचे एक मराठी घर

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम हे मंदिरांचे गाव. दर बारा वर्षांनी येथील तळ्यावर महामहम् हा मोठा स्नानोत्सव भरतो. मागचा 2016 साली भरला होता. येथून तंजावर सुमारे 40 किलोमीटरवर आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी 1675 च्या सुमारास तंजावरचे राज्य मिळविले, आणि 1855 पर्यंत ते भोसले घराण्याकडे राहिले. राज्यकर्त्यांबरोबर शिपाई आले, कारकून आले, पुराणिक आणि कीर्तनकार आले, आणि राज्य गेल्यावरही त्यांपैकी पुष्कळ घराणी तेथेच राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव हे अशाच एका मराठी घराण्यातले. त्यांचा जन्म 1828 साली कुंभकोणमचाच. या घरांतून आजही जी मराठी बोलली जाते, तिने तमिळ शब्द सहजपणे पोटात घेतले आहेत, आणि आपल्याकडे मागे पडलेली काही जुनी वळणेही जपली आहेत.

तंजावर दरबाराचा मराठी कारभार मुख्यतः मोडी लिपीत चाले. त्या दप्तरातील कागदांचे गठ्ठे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 साली कोरविलेला भोसले वंशाचा इतिहास देवनागरीत आहे, त्यामुळे आजच्या मराठी वाचकाला थोड्या प्रयत्नाने तो वाचता येतो. मोडीचे तसे नाही. अक्षरे समोर असतात, भाषा आपलीच असते, आणि तरीही एक शब्द लागत नाही. कुलूप केवळ लोखंडाचे असते असे नाही, हे मोडी कागद हातात घेतलेल्या प्रत्येकाला कळते.

आता अशा एका घराची कल्पना करू या. घर कल्पित आहे. त्यातली अडचण मात्र आज गावोगावच्या घरांत खरी आहे. घरातील आजोबा निवृत्त शिक्षक. मोडी त्यांना वडिलांनी शिकविली. घरात पणजोबांपासून चालत आलेले मोडी कागदांचे एक दप्तर आहे: काही पत्रे, देण्याघेण्याच्या याद्या, एका लग्नाच्या खर्चाचा तपशील. 2010 साली मुलाने त्यांना एक लॅपटॉप आणून दिला. आजोबांनी हट्टाने मराठी टंकलेखन शिकून घेतले आणि रोज सकाळी कॉफीनंतर दोन तास, असे आठ वर्षे बसून दप्तरातील कागद एकेक करून बालबोधीत उतरविले. मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पुष्कळ महिने उपचारांत गेले. वाचा परत आली, उजव्या हातातील बळ मात्र पूर्ण परतले नाही, आणि दृष्टी इतकी मंदावली की मोडीची बारीक, एकात एक गुंतलेली अक्षरे त्यांना लागेनाशी झाली. लॅपटॉप जुन्या वेष्टीत गुंडाळून माळ्यावर गेला.

काही वर्षांनी नातीने तो खाली काढला. आजोबांच्या त्या कामाची दुसरी प्रत कुठेच नव्हती. पडदा उजळला, आजोबांचे नाव दिसले, त्याखाली रिकामी चौकट. आजोबांनी एक शब्द सांगितला. तो चुकीचा ठरला. दुसरा सांगितला. तोही चुकला. तिसऱ्या खेपेला ते काहीच बोलले नाहीत.

घाई करण्यापूर्वी

अशा वेळी पहिली चूक होते ती घाईची. माळ्यावरून काढलेल्या लॅपटॉपची बॅटरी आधी पाहावी. ती फुगलेली असेल, तळाचे झाकण वर आलेले असेल, तर विजेची तार मुळीच जोडू नये. फुगलेल्या लिथियम बॅटरीला आग लागू शकते. ती जाणकाराकडून काढून घ्यावी. पुष्कळशा जुन्या लॅपटॉपची बॅटरी वेगळी काढता येते, आणि तिच्याशिवाय थेट विजेवर ते चालतात.

दुसरे असे, की शब्द खरोखरच विसरला आहे काय, याची खातरजमा करावी. कित्येकदा शब्द बरोबर असतो, कळफलक चुकत असतो. ‘कॅप्स लॉक’ हे बटण दाबले गेले असेल तर लहान अक्षरांच्या जागी मोठी उमटतात. पासवर्डच्या दृष्टीने ती दोन्ही भिन्न आहेत. लहान आकाराच्या जुन्या लॅपटॉपमध्ये आणखी एक गंमत असे. अंकांची वेगळी बटणे नसल्यामुळे ‘नम लॉक’ चालू असेल तर ‘यू’, ‘आय’, ‘ओ’ या बटणांवरून 4, 5, 6 उमटत, आणि ‘जे’, ‘के’, ‘एल’ यांवरून 1, 2, 3. चौकटीत सगळेच ठिपक्यांच्या रूपात दिसत असल्याने टंकणाऱ्याला याचा पत्ताही लागत नसे. ज्याने मराठी टंकनाची सोय करून घेतली आहे, त्याच्या लॅपटॉपवर प्रवेशाच्या वेळीच मराठी कळफलक निवडलेला असण्याचीही शक्यता असते. आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रात एखादे बटण निकामीही होते. यावर साधा उपाय म्हणजे बाहेरचा कळफलक जोडून पाहणे. दोन-तीनशे रुपयांच्या कळफलकाने सुटलेल्या अडचणीसाठी लोकांनी हजारो रुपये मोजल्याची उदाहरणे कमी नसतील.

नातीने हे सारे करून पाहिले. कळफलक निर्दोष होता. मात्र तीन वेळा चुकल्यावर पडद्यावर एक ओळ आली होती, तिच्याकडे तिचे आता लक्ष गेले. खाते उघडताना आजोबांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेली ती खूण होती: ‘नेहमीचे’. ही खूण लिहिताना ‘नेहमीचे’ म्हणजे काय हे त्यांना स्वच्छ ठाऊक असणार. दहा-बारा वर्षांनी ते कोणालाच ठाऊक नव्हते.

संगणकाला शब्द ठाऊक असतो काय?

येथे एक प्रश्न मनात येतो. चूक काय हे ज्या यंत्राला ओळखता येते, त्याला बरोबर काय हे ठाऊक असलेच पाहिजे. मग ते त्याच्याकडून काढून घेता येणार नाही काय?

फार पूर्वी तसे करता येत होते. संगणकावर पासवर्डचा उपयोग प्रथम रूढ झाला तो अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत. फर्नांदो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली 1961 साली तेथे असा संगणक दाखविण्यात आला, की ज्याच्यावर अनेक जण एकाच वेळी काम करू शकत. प्रत्येकाचे काम वेगळे आणि खासगी राहावे म्हणून प्रत्येकाला एक शब्द दिला गेला. ते सर्व शब्द संगणकाने एका यादीत जसेच्या तसे ठेवलेले होते. 1962 साली ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला त्याच्या वाट्याला येणारे तास अपुरे पडू लागले, तेव्हा त्याने ती यादीच छापून घेतली आणि इतरांच्या नावाने काम केले! 1966 साली तर एका तांत्रिक गोंधळामुळे, संगणक सुरू करताच जेथे दिवसाची सूचना दिसायची तेथे सर्वांचे शब्द सर्वांना दिसू लागले. (याच कॉर्बातो यांनी 2014 साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीच्या आसपास, पासवर्डांचा पसारा आता एखाद्या दुःस्वप्नासारखा झाला आहे अशी कबुली दिली होती. आपल्याला पासवर्ड आठवत नाहीत याची फार लाज बाळगण्याचे कारण नाही.)

अशा अनुभवांतून शहाणपण आले. शब्द साठवायचाच नाही, त्याचे चूर्ण करून ते साठवायचे, अशी युक्ती निघाली. कुंभकोणमच्या फिल्टर कॉफीचा दाखला येथे उपयोगी पडेल. भाजलेल्या कॉफीच्या बियांचे चूर्ण करता येते. चूर्णातून मूळची बी पुन्हा घडविता येत नाही. पण त्याच बिया, तेवढ्याच भाजून, त्याच जात्यातून काढल्या तर चूर्ण तसेच निघते, आणि जाणकार ते ओळखतो. संगणक पासवर्डवर गणिताची अशीच एक क्रिया करतो. तिच्यातून अक्षरांची आणि अंकांची एक लांबलचक मालिका तयार होते, आणि तेवढीच साठविली जाते. आपण शब्द टंकला, की त्याचे पुन्हा चूर्ण होते आणि जुन्या चूर्णाशी ताडून पाहिले जाते. दोन्ही जुळली तर दार उघडते. उलट दिशेने जाण्याची सोय या गणितात ठेवलेलीच नाही. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी 1979 साली या विषयावर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. चूर्ण करण्यापूर्वी त्यात थोडी बेरीज मिसळावी, म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी चूर्ण वेगळे पडेल, ही त्यांची सूचना होती. तिला त्यांनी ‘मीठ’ असे नाव दिले.

म्हणजे आजोबांचा शब्द लॅपटॉपला ठाऊक नव्हता. तो बनविणाऱ्या कंपनीलाही ठाऊक नव्हता. उरतो तो अंदाज बांधण्याचा मार्ग. पण इंग्रजीतील केवळ लहान अक्षरे घेऊन आठ अक्षरांचा शब्द करायचा म्हटले, तरी 20,882 कोटींहून अधिक शब्द होतात. सेकंदाला एक या गतीने कोणी माणूस ते टंकत बसला तर त्याला साडेसहा हजारांहून अधिक वर्षे लागतील. वेगवान संगणक हे काम फार लवकर उरकतात हे खरे. म्हणूनच लांब पासवर्ड ठेवावा असे सांगतात. घरातल्या माणसांना मात्र ही गणिते उपयोगी पडत नाहीत. त्यांनी अंदाज बांधायचा तो माणसाच्या स्वभावावरून, आणि तो येथे फसला होता.

दुकानात

नात लॅपटॉप घेऊन गावातील एका दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानातल्या मुलाने यंत्र पाहिले न पाहिले आणि म्हणाला, “फॉर्मॅट करून देतो, ताई. संध्याकाळी घेऊन जा.”

हे वाक्य नीट समजून घेतले पाहिजे, कारण या एका वाक्याने अनेकांचे कधीही न भरून येणारे नुकसान झाले आहे. ‘फॉर्मॅट’ करणे म्हणजे साठवणीची जागा कोरी करून यंत्राची प्रणाली नव्याने बसविणे. असे केल्यावर लॅपटॉप उघडेल, नव्यासारखा चालेल, पासवर्डही विचारणार नाही. आत मात्र काहीच नसेल. दुकानदार खोटे बोलत नाही. त्याला वाटते, गिऱ्हाइकाला लॅपटॉप हवा आहे. गिऱ्हाइकाला हवे असते ते लॅपटॉपच्या आतले. पेटी उघडणे आणि पेटीतली वस्तू मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे दुकानाच्या पायरीवरच स्पष्ट शब्दांत सांगावे: “यंत्र चालले नाही तरी चालेल, आतील फाईली हव्या आहेत.” आणि हे पावतीवर लिहून घ्यावे.

नातीने तसे सांगितले. मग दुकानाचे मालक स्वतः पुढे आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो लॅपटॉप कोणाचा, हा. प्रश्नात अविश्वास होता, आणि तो योग्यच होता. दुसऱ्याच्या संगणकात त्याच्या परवानगीवाचून शिरणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 43 प्रमाणे गैर आहे, आणि तेच अप्रामाणिकपणे केले तर कलम 66 प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. खरेदीची पावती सापडली नव्हती. नातीने दूरध्वनी लावला. आजोबा आपल्या मंद, अडखळत्या बोलीत मालकांशी तमिळमध्ये बोलले. त्यांच्या शाळेचे नाव ऐकताच मालक उभे राहिले. ते त्याच शाळेत शिकले होते. तरीही त्यांनी आजोबांच्या सहीचे पत्र मागितलेच. ते दुसऱ्या दिवशी आले, डाव्या हाताने केलेल्या सहीचे.

मालकांनी लॅपटॉप तपासला तेव्हा तीन गोष्टी पाहिल्या. पासवर्ड केव्हा विचारला जातो, ही पहिली. यंत्र सुरू होताच, प्रणालीचे चिन्ह दिसण्याच्याही आधी विचारला गेला, तर ते कुलूप यंत्राच्या मूळ पाटीवर असते. लॅपटॉपमध्ये ते घालविण्यासाठी बहुधा कंपनीच्या सेवा केंद्राकडे मालकीचा पुरावा घेऊन जावे लागते. क्वचित हे कुलूप खुद्द हार्ड डिस्कवर घातलेले असते; तसे असेल तर डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी ती बंदच राहते. आजोबांच्या लॅपटॉपमध्ये पासवर्ड विचारला जात होता तो प्रणाली सुरू झाल्यावर, म्हणजे ते सर्वांत साधे कुलूप होते. दुसरी गोष्ट, त्यावर दुसऱ्या कोणाचे अधिकार असलेले खाते आहे काय. असते तर त्यातून आजोबांचा पासवर्ड बदलता आला असता. तसे खाते नव्हते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: आतील माहिती सांकेतिक रूपात साठविलेली आहे काय?

ती तशी नव्हती. 2009 साली आलेली विंडोज 7 ही प्रणाली त्यात होती, आणि तिच्या घरगुती आवृत्तीत पासवर्ड म्हणजे केवळ दारावरचा पहारा होता. दाराआड ठेवलेल्या वस्तू उघड्याच असत. तेव्हा दारातून न जाता, भिंतीची एक वीट काढून आत जाण्यासारखा मार्ग मालकांनी घेतला. लॅपटॉपच्या तळाचे दोन स्क्रू काढून त्यांनी तळहाताएवढी हार्ड डिस्क बाहेर काढली, एका जोडतारेने ती दुकानातील संगणकाला लावली, आणि काहीही उघडण्याआधी संपूर्ण डिस्कची प्रत करून घेतली. जुनी डिस्क किती वेळ साथ देईल याचा भरवसा नसतो. त्यामुळे आधी प्रत, मग शोध. पासवर्ड शेवटपर्यंत सापडला नाही. त्याची गरजच उरली नाही.

अलीकडचा लॅपटॉप असता तर मात्र असे झाले नसते, हे लक्षात ठेवावे. आताच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये सगळी माहिती आपोआप सांकेतिक रूपात साठविली जाते. डिस्क काढून दुसरीकडे लावली तर हाती येतो तो निव्वळ अक्षरांचा कचरा. विंडोजच्या अशा यंत्रांसाठी 48 अंकांची एक पुनर्प्राप्ती किल्ली असते. ती मालकाच्या ऑनलाईन खात्यात जमा झालेली असते, किंवा त्याने कागदावर छापून घेतलेली असते. यांपैकी काहीही उरले नसेल तर जगातील कोणतेही दुकान ती माहिती परत देऊ शकत नाही. ‘कोणताही लॅपटॉप उघडून देतो’ अशी जाहिरात करणाऱ्याचे किंवा तसा दावा करणाऱ्या फुकट प्रोग्रॅमचे ऐकण्यापूर्वी हे आठवावे; अशा प्रोग्रॅमबरोबर पुष्कळदा संगणकाचे विषाणू येतात. ऑनलाईन खात्याचा पासवर्ड विसरला तर तो बदलून घेण्याचा मार्ग दूरध्वनी क्रमांकावर किंवा ई-मेलवर येणाऱ्या संकेतांकातून जातो. तो क्रमांक बंद पडला असेल, की तोही मार्ग बंद होतो. क्रमांक बदलताना बँकेला कळवायचे लक्षात राहते. खात्यांना कळवायचे राहून जाते.

दुसरे कुलूप

संध्याकाळी नातीने प्रत घरी आणली आणि आपल्या संगणकावर पहिली फाईल उघडली. आजोबा खुर्ची ओढून शेजारी बसले. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे आणि स्वल्पविराम यांचा एक निरर्थक गुंता दिसत होता. दुसरी फाईल तशीच. तिसरीही. दुकानात काहीतरी बिघडले, असेच तिला वाटले.

बिघडले काहीच नव्हते. जगातील सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षराला एक ठराविक क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत देवनागरीसाठी 1991 पासून उपलब्ध होती. तरी मराठी घरांत आणि छापखान्यांत ती रुळायला बराच काळ लागला. तोवर ‘शिवाजी’सारख्या फाँटांवर काम चाले. त्यांची युक्ती अशी, की संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच राही, पण ते पडद्यावर देवनागरी अक्षराच्या चित्राच्या रूपात दिसे. जणू ‘क’चा मुखवटा घातलेले इंग्रजी अक्षर. ज्या संगणकावर तो फाँट नाही तेथे मुखवटा गळून पडतो, आणि खालचे इंग्रजी अक्षर उघडे होते. आजोबांनी असाच एक फाँट वापरला होता. कोणता, ते त्यांना आठवत नव्हते.

मात्र फाँट हाही एक फाईलच असतो, आणि तो आजोबांच्या लॅपटॉपमध्ये असणारच. केवळ कागदपत्रांची प्रत केली असती तर तो मागे राहिला असता. मालकांनी पूर्ण डिस्कची प्रत केली होती. विंडोजच्या ‘फाँट्स’ या कप्प्यात तो सापडला. नातीने तो आपल्या संगणकावर बसविला आणि फाईल पुन्हा उघडली.

लग्नाच्या खर्चाची यादी होती. तांदूळ, तूप, वेलदोडे, केळीची पाने, वाजंत्री. नात मोठ्याने वाचत गेली आणि आजोबा डोळे मिटून ऐकत राहिले. मध्येच एका आकड्यावर त्यांनी हात वर केला. तो आकडा चुकला आहे, मूळ कागदात वेगळा आहे, दुरुस्त करायचा राहिला होता, असे ते म्हणाले. पासवर्ड त्यांना आठवला नव्हता. हा आकडा आठवत होता.

पुढे काही दिवसांत नातीने सर्व फाईली युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेतल्या. असे रूपांतर करून देणारे प्रोग्रॅम मिळतात. त्यांच्याकडून जोडाक्षरांत चुका होतात, म्हणून प्रत्येक पान एकदा डोळ्यांखालून घालावे लागते. तीन प्रती केल्या. एक घरी, एक चेन्नईला काकांकडे, एक ऑनलाईन. ऑनलाईन खात्याचा पासवर्ड तिने एका वहीत लिहिला आणि ती वही देवघराच्या खणात ठेवली. पासवर्ड लिहून ठेवू नये असे सांगितले जाते. कार्यालयातील टेबलासाठी ते योग्य आहे. वृद्ध माणसाच्या घरात, विश्वासाच्या ठिकाणी ठेवलेली वही पुष्कळदा अधिक उपयोगाची ठरते.

उरलेली फाईल

एक फाईल मात्र उघडली नाही. तिला आजोबांनी स्वतंत्र पासवर्ड घातला होता. 2007 पासूनच्या ‘वर्ड’ या प्रोग्रॅममध्ये असा पासवर्ड घातला, की पूर्ण मजकूर सांकेतिक होतो. तेथे डिस्क काढण्याचा आडमार्ग चालत नाही. फाईलचे नाव होते ‘पणजोबांचे पत्र’. ते पत्र कशाविषयी आहे, हे आजोबांनी सांगितले नाही. घरातील काही गोष्टी असतात, एवढेच ते म्हणाले, आणि आता तुम्ही वाचलेत तरी माझी हरकत नाही, असेही म्हणाले.

मूळ पत्र दप्तरातच होते. नातीने ते शोधून काढले: पिवळा पडलेला हातकागद, वरपासून खालपर्यंत एका दमात लिहिल्यासारखी मोडी. ओळीची रेघ आधी मारलेली, आणि तिच्याखाली लेखणी न उचलता लिहिलेली अक्षरे. आजोबांना ती दिसत नव्हती. नातीला दिसत होती. वाचता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी झाल्यावर तिने एक पाटी आणली. आजोबांनी डाव्या हाताने त्यावर एक मोठे, थरथरते अक्षर काढले आणि ते गिरवायला तिच्याकडे दिले.

स्वाध्याय

1. ‘पेटी उघडणे आणि पेटीतली वस्तू मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत’ हे विधान दुकानातील प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.

2. संगणक पासवर्ड न साठविता तो बरोबर आहे हे कसे ओळखतो, ते कॉफीच्या दाखल्याऐवजी तुमच्या व्यवसायातील किंवा स्वयंपाकघरातील दुसरा दाखला घेऊन लिहा.

3. बिघडलेला लॅपटॉप किंवा मोबाईल दुरुस्तीस देताना दुकानदारास द्यावयाचे पत्र आठ ते दहा ओळींत लिहा. आतील माहितीविषयीची तुमची सूचना त्यात स्पष्ट असावी.